श्वास धरू नये

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आम्ही समुद्राच्या पोटात शिरून आलो, हे ऐकून आमच्या देवळाच्या चौकातील मंडळी प्रथम हसली आणि मग गंभीर झाली. हसण्याचे कारण उघड आहे. आम्हां लोकांचा समुद्राशी संबंध किनाऱ्यापुरता. नारळी पौर्णिमेस त्यास नारळ द्यावा, पर्वणीस कंबरभर पाण्यात उभे राहून स्नान करावे, आप्तांच्या अस्थी त्याच्या स्वाधीन कराव्यात आणि मागे न पाहता घरी यावे. समुद्र पर्वकाळी सेवावा, एरव्ही शिवू नये, असे आमचे आजोबा सांगत. गंभीर होण्याचे कारण मात्र आमच्या बरोबरीच्या चारदोघांनाच ठाऊक होते. आणि त्यांनाही ते अर्धेच ठाऊक होते. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या गावच्या देवळासमोर जुनी तळी आहे. 1977 सालच्या मे महिन्यात आम्ही नऊ वर्षांचे होतो. दुपारी भटजी विश्रांतीस गेले की गावची मुले तळीत उतरत. श्वास धरून पाण्याखाली जो अधिक वेळ राहील, तो जिंकला. बहुधा आम्हीच जिंकत असू, कारण आम्हांस एक युक्ती सापडली होती. बुडी मारण्यापूर्वी भराभरा वीसपंचवीस दीर्घ श्वास घेतले, म्हणजे पाण्याखाली जीव तळमळू लागण्यास पुष्कळ उशीर होतो. ही युक्ती आम्ही एकाच सोबत्यास शिकवली. तो शेजारच्या घरातला, आमचा जिवलग.

त्या दुपारी त्याने बुडी मारली आणि आम्ही पायरीवर बसून अंक मोजू लागलो. साठ झाले. ऐंशी झाले. आम्हांस त्याचा हेवा वाटला, हे आज लिहिताना हात अडखळतो. शंभर उलटल्यावर आम्ही ओरडलो. मोठी माणसे धावली, त्याला वर काढले. परंतु प्राण गेला होता.

तळीतल्या देवचाराने मुलाला ओढून नेले, असे गावाने ठरविले. शांत झाली, नारळ फुटले, दुपारच्या वेळी तळीवर जाण्यास मुलांना मनाई झाली. आम्हांस कोणी काही विचारले नाही. आम्हीही देवचारावर विश्वास ठेवला. त्यात आमची सोय होती. तेव्हापासून पाण्याखाली डोके म्हणून आम्ही कधी घातले नाही.

2024 च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब गोकर्ण-मुरुडेश्वरच्या दर्शनास गेलो. रावणाच्या हातून आत्मलिंग गोकर्णी स्थिरावले आणि त्यावरील वस्त्र जेथे जाऊन पडले ते मुरुडेश्वर, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. कंदुक टेकडीवरील त्या स्थानास तीन बाजूंनी समुद्र आहे. दर्शन घेऊन बाहेर पडताच आमची कन्या म्हणाली, "बाबा, उद्या नेत्राणीला जायचं. मी दोघांची नावं दिली आहेत. आज तलावात शिकवणी." नेत्राणी हे तेथून सुमारे 19 किलोमीटर आत असलेले बेट. त्याच्या आसपासच्या पाण्यात नवशिक्यांना हवेच्या टाकीसह बुडी मारावयास शिकवितात. निघण्यापूर्वी तिने आमची हृदय, फुप्फुसे आणि कान यांची तपासणी करवून डॉक्टरांचा दाखला का घेवविला होता, याचा उलगडा आम्हांस तेव्हा झाला. नाही म्हणण्याचे खरे कारण सांगणे भाग पडले असते. म्हणून हो म्हणालो.

आमचे गुरू म्हणजे खारवी समाजातला एक तरुण. वय आमच्या निम्म्याहूनही कमी, भाषा कानडी वळणाची कोंकणी. पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात उभे करून त्याने आमच्या पाठीवर टाकी चढविली. तीत निव्वळ प्राणवायू असतो असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला. तीत आपण घेतो तीच साधी हवा असते, गाळून कोरडी केलेली आणि दोनशे पट दाबाने भरलेली. खरी करामत तोंडात धरावयाच्या झडपेची. सभोवतालच्या पाण्याचा दाब जेवढा, नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा ती मागताक्षणी देते. फ्रान्समध्ये 1943 साली नौदलातील अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ही योजना सिद्ध केली. युद्धकाळात पेट्रोल दुर्मीळ झाले म्हणून गॅसवर चालविलेल्या मोटारींसाठी गान्यांने एक झडप तयार केली होती. तीच पुढे पाणबुड्यांच्या कामी आली.

सोवळ्याओवळ्याची परीक्षा लगेच झाली. काचेवर वाफ धरू नये म्हणून मुखवट्यात थुंकून तो विसळावयाचा. सोबत्याची हवा संपली तर आपल्या टाकीची दुसरी झडप त्याच्या तोंडी द्यावयाची. पाण्याखाली बोलता येत नाही, तेथे मुद्रांचेच राज्य. अंगठा व तर्जनी जुळविली की 'सर्व ठीक'. ही ज्ञानमुद्रा आमच्या परिचयाची. अंगठा वर केला की 'उत्तम' नव्हे, 'वर चला'.

मग गुरूने पहिला नियम सांगितला: "माम, श्वास धरून दवरूं नाकात." आम्ही किंचित अभिमानाने म्हणालो की वीस वर्षे प्राणायाम करीत आहोत, कुंभक मिनिटभर सहज साधतो. तो हसला नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे टाकीतून छातीभर घेतलेला श्वास तसाच धरून माणूस वर आला, तर ती हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटते. तेव्हा येथे पूरक आणि रेचक, एवढेच, कुंभक वर्ज्य.

संध्याकाळी होड्यांजवळ बसलो असता आम्ही त्याला सहज विचारल्यासारखे विचारले, की बुडीपूर्वी भराभरा श्वास घेऊन ठेवला तर काय होते. तो चटकन म्हणाला, "तसे केल्याने चांगली पोहणारी माणसे मरतात." त्याने दिलेला खुलासा वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. श्वास घे असे शरीर सुचविते, ते मुख्यतः प्राणवायू उणा झाल्यामुळे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. भराभरा श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. म्हणजे जणू देवळाची घंटाच बांधून ठेवावी आणि वेळ टळून गेली तरी कोणास कळू नये. तळमळ सुरू होण्यापूर्वीच प्राणवायू संपतो, शुद्ध हरपते आणि बेशुद्ध शरीर पाण्यातच श्वास घेते. ना धडपड, ना आवाज.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सत्तेचाळीस वर्षे सांभाळलेला देवचार त्या पोराने दोन वाक्यांत हद्दपार केला होता, आणि त्याच्या जागी आमची युक्ती उभी होती.

सकाळी होडीने दीडएक तासात नेत्राणी गाठले. काठावर पाठ करून बसलो आणि उलटे पाण्यात पडलो. दोराला धरून हातहात उतरू लागलो. हरएक हातावर नाक चिमटीत धरून हलके फुंकावयाचे, म्हणजे कानांतील दाब समतोल होतो. कान दुखेपर्यंत थांबावयाचे नाही. चारपाच मीटरवर मुखवट्यात पाणी शिरले. डोळे झोंबले, काही दिसेना, आणि नको तेच घडले: आम्ही श्वास धरला. इतकेच नव्हे, मनात अंक मोजू लागलो. किती मोजले ते आठवत नाही. गुरूने आमचा दंड घट्ट धरला आणि दुसरा हात आपल्या तोंडापासून पुढे सावकाश हलविला, पुन्हा हलविला: सोडा. आम्ही मुखवट्याची वरची कड दाबून नाकावाटे श्वास सोडला. त्याच श्वासाने पाणी बाहेर गेले आणि दिसू लागले.

दिसले ते असे. तळापाशी खडकाच्या कपारीत एक गोब्रो बसला होता. ताटाखेरीज अन्यत्र आमची त्याची ही पहिलीच भेट. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या भासतात, म्हणून तोही थोराड दिसला असेल. पोपटमासे चोचीने खडक खरवडीत होते. आमच्या मनगटावरचा देवाचा लाल दोरा काळपट झाला होता, कारण पाणी सर्वांआधी तांबडा रंग गिळते. गुरूने त्यावर विजेरीचा झोत टाकताच तो पुन्हा लालभडक झाला. कन्या समोर होती, तिचे बुडबुडे वर जात होते, आणि प्रत्येक बुडबुड्यासरशी ती जिवंत आहे असे आम्ही स्वतःला सांगत होतो. त्या दुपारी तळीच्या पाण्यावर बुडबुडे नव्हते. वर येताना सर्वांत लहान बुडबुड्याहूनही सावकाश यावयाचे, आणि सारा वेळ श्वास चालू ठेवावयाचा. तसे आलो.

गावी परतल्यावर आम्ही सोबत्याच्या थोरल्या भावाकडे गेलो. तो देवळाच्या पायऱ्यांशी फुले विकतो. युक्ती, ती कोणी शिकवली, आम्ही बसून कसे मोजत राहिलो, सर्व सांगितले. तो हार गुंफीत राहिला. एक हार पुरा झाला, दुसराही झाला. मग मान वर न करता म्हणाला, "भुरग्यांक सांग."

म्हणून सांगतो. आपल्या गावोगावच्या देवळांना तळ्या आहेत आणि मुले त्यांत उतरणारच. श्वास धरण्याच्या पैजा लावू देऊ नका. बुडीपूर्वी भराभरा श्वास घेऊ देऊ नका. काठावर नेहमी एक जाणता माणूस असू द्या. कोणी पाण्याखाली राहिला तर कौतुकाने अंक मोजीत बसू नका; ताबडतोब वर ओढा.

2025 च्या मे महिन्यात, देवस्थान समितीच्या अनुमतीने, दुपारी दोन ते पाच आम्ही तळीच्या पायरीवर बसत होतो. मुलांना आरंभी आमची अडचण वाटली, पुढे सवय झाली. येत्या मे महिन्यातही बसणार आहोत. थोरला भाऊ दुकान आवरून अधूनमधून शेजारी येऊन बसतो.