पडीक नावाचा रकाना

माझ्या कामाचं नाव भारदस्त आहे: शाश्वत विकास नियोजन. नातेवाइकांना सांगितलं की ते दोनपैकी एक अर्थ काढतात. एक तर मी झाडं लावते, नाहीतर मला सरकारी नोकरी आहे. दोन्ही खरं नाही. मी एका छोट्या संस्थेत आहे आणि आम्ही ग्रामपंचायतींना त्यांचा विकास आराखडा तयार करायला मदत करतो. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींकडे यायला लागला, तेव्हापासून गावं हे आराखडे करतात. 'आमचा गाव, आमचा विकास' हे नाव तुमच्याही कानावर आलं असेल. गटार, अंगणवाडी, पाण्याची टाकी हे सगळं त्यात असतं. गावाच्या जमिनीचं आणि पाण्याचं काय करायचं, तेही.

कामाचा बराच भाग लॅपटॉपसमोर बसून होतो. उपग्रहाचं चित्र घ्यायचं, त्यावर गावाची शीव आखायची आणि आत रंग भरायचे. बागायत हिरवी, जिरायत पिवळी, गावठाण लाल. एवढं झालं की मध्ये मोठाले करडे तुकडे उरतात. त्यांच्यासमोरच्या रकान्यात एकच शब्द येतो: पडीक.

माझी गावं पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला आहेत, पर्जन्यछायेत. सह्याद्रीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर इथे साधारण पाचशे. जमीन उथळ आणि मुरमाड. असल्या जमिनीवर दाट जंगल वाढत नाही, माळ वाढतो. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं आणि मध्येच एखादी बोर किंवा हिवर. मे महिन्यात बघितलात तर सगळं मेलंय असं वाटेल. सप्टेंबरात तिथेच गुडघाभर गवत वाऱ्यावर हलत असतं. गवताचा बराचसा संसार जमिनीखाली चालतो. कार्बनही ते मुख्यतः मुळांत आणि मातीत साठवतं, म्हणून तो वरून दिसत नाही. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल हे सगळे या उघड्या माळाचे रहिवासी. झाडी दाट झाली की यांचं घर मोडतं.

मग हे 'पडीक' कुठून आलं? इंग्रजांच्या महसुली हिशेबात जी जमीन शेतसारा देत नाही, ती वाया गेलेली. इंग्रज गेले, पण हिशेबाची ती सवय राहिली. आजही देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे निघतात आणि त्यात कितीतरी माळ मोजले जातात. आणि एकदा जमीन पडीक ठरली की तिचं काहीतरी 'करायला' हवं, असं सगळ्यांनाच वाटायला लागतं.

एका गावाच्या आराखड्यात हेच समोर आलं. साठेक हेक्टरांचं गायरान. त्यावर वृक्षलागवडीचा प्रस्ताव होता, तीन बाय तीन मीटरवर एक खड्डा. म्हणजे हेक्टरी १,१११ आणि सगळ्या गायरानावर साठ हजारांच्या वर. कागदावर आकडा फार देखणा दिसत होता. रोपांच्या यादीत उंदीरमारी होती, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळची मध्य अमेरिकेची, पण कमी पाण्यात जगते, त्यामुळे लावणाऱ्याचं जगल्या-वाचल्या रोपांचं प्रमाण चांगलं दिसतं.

आराखड्याआधी आम्ही शिवारफेरी करतो. त्या दिवशी सोबत सरपंचबाई होत्या, दोन तरुण पोरं होती आणि मेंढरं राखणारे एक म्हातारे धनगर मामा. मी रकाने वाचून दाखवत होते. 'पडीक' म्हटल्यावर मामा थांबले. "ताई, पडीक म्हंजी जी पेरायची सोडली ती. ह्यो तर माळ हाय. ह्यो कवा पडला?"

मग ते चालता चालता नावं सांगत गेले. ही बरड. ते पलीकडचं राखीव कुरण, पूर्वी दिवाळीपर्यंत तिथे कुणी जनावर घालत नसे. ही पाणथळ, इथे मारवेल दाट येतं. घळीकडे बोट दाखवून म्हणाले, तिकडं लांडगीनं पिल्लं घातली होती. लांडगा त्यांची मेंढरं मारतो, पण सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. दिवाळीनंतर कित्येक धनगर वाडे मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परततात. परतल्यावर चरायला असेच माळ लागतात. तिथे खड्डे झाले, चराईबंदी लागली, तर मेंढरं शेतांच्या बांधावर जाणार आणि भांडणं पोलीस पाटलाकडे. लागवडीच्या अंदाजपत्रकात हा खर्च कुठेच नव्हता.

तरी गोष्ट 'झाडं वाईट, गवत चांगलं' इतकी सोपी नव्हती. ग्रामसभेत मी नकाशा दाखवून बसले, तेव्हा मागून एक आक्का उठल्या. "खड्डं न्हाई तर आमचा रोज कुठला? तुमचा लांडगा देणार का?" सभा हसली, मी नाही हसू शकले. दोन महिन्यांची मजुरी हातची जाणार असेल, तर निसर्गाबद्दलचं माझं म्हणणं त्यांनी का ऐकावं?

पुढचे तीन आठवडे मी त्या एका प्रश्नावर घालवले. रोजगार हमीतून कुरण विकासाची कामंही घेता येतात. वेडी बाभूळ मुळासकट काढणं, ओघळींना दगडी बांध घालणं, पवन्या-मारवेलचं बी गोळा करून उघड्या जागी टाकणं, पाळीपाळीने चराई ठेवणं. मनुष्यदिवस मोजले आणि खड्ड्यांच्या मजुरीशेजारी ठेवले. झाडंही ठेवली, पण ओढ्याकाठी आणि गावठाणाभोवती: करंज, कडुनिंब, जांभूळ. एकूण झाडांचा आकडा मात्र फारच लहान झाला. वरच्या बैठकीत तोच बोचला. "हिरवळ कमी दाखवताय," असं ऐकावं लागलं.

मला तेव्हा माळढोक आठवत होता. १९७९ मध्ये सोलापूर-नगरकडे त्याच्यासाठी अभयारण्य झालं. २०११ मध्ये तो जगाच्या पातळीवर अतिसंकटग्रस्त ठरला. आज उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. त्याला फक्त शिकारीने संपवलं नाही. शेती पसरली, विजेच्या तारा आल्या, माळ तुटत गेले. त्याचं घर म्हणजे रिकामी जागा, असं आपण धरून चाललो होतो.

शेवटी जे ठरलं ते अर्धंमुर्धं आहे. रस्त्यालगतच्या तुकड्यावर लागवड झाली, कारण ती आधीच मंजूर होती. उरलेल्या चाळीसेक हेक्टरांसाठी ग्रामसभेने ठराव केला: कुरण म्हणून राखायचं. त्या आक्का आता बी गोळा करणाऱ्या गटात आहेत. मजुरी वेळेवर मिळत नाही, हे त्या दर भेटीत सुनावतात. आणि ते बरोबरच आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीने एक लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते. आम्ही ती मामांसोबत बसून पुन्हा लिहिली. त्यांनी नावं सांगायची, शाळेतल्या पोरांनी लिहायची. लांडग्याच्या घळीची नोंद आहे, जागा मुद्दाम दिलेली नाही.

आता सौरऊर्जेसाठी गायरानं मागितली जातायत. तीही शाश्वत विकासाचीच गोष्ट आहे आणि विजेची गरज खोटी नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे. त्यामुळे या गावातही कधीतरी कुणीतरी नकाशा उघडून मोकळी जमीन शोधेल. मी त्यांना अडवू शकेन असं मला वाटत नाही, आणि प्रत्येक वेळी अडवावं असंही नाही. पण त्यांना त्या रकान्यात 'पडीक' सापडणार नाही. तिथे लिहिलंय: कुरण. कोणती गवतं, कुणाची किती मेंढरं, कोणत्या महिन्यात. बोलणी निदान तिथून सुरू करावी लागतील.