दोन जावांचा रस्ता

आमच्या घरी सायकल आली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. "गोळ्यांचे मागाहून बघू, आधी पायडल मारा," असे त्यांनी फर्मावले आणि पंचेचाळिशीला टेकलेला हा मराठीचा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थ्यांच्या वाहनावर बसला. सौभाग्यवतींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा सायकलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तिला जपा हो!"

सायकलीच्या बाबतीत आमचे नाशिक भाग्यवान गाव आहे. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक दमला की दुसऱ्याने चालवायची. त्यांच्या गावचा रहिवासी या नात्याने मीही आश्विनातल्या एका रविवारी गंगापूरपर्यंत जाऊन यायचे ठरवले. जाऊन-येऊन पंचवीसएक किलोमीटर. वेळेची मर्यादा सूर्यास्त!

गंगापूर रस्त्याने मी वीस वर्षे मोटारीतून जात आलो. पण हा रस्ता चढाचा आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. गोदावरी समोरून वाहत येते, म्हणजे आपण तिच्या उगमाकडे चढत असतो. ही गोष्ट मोटारीला सांगावी लागत नाही, मांड्यांना आपोआप समजते. आणखीही एक समजले. मोटारीतून रस्ता दिसतो. सायकलीवरून गावे दिसतात. ओल्या गवताचा वास येतो, चुलीचा धूर येतो, आणि ओसरीवरचे म्हातारे "कुठवर?" असे विचारतात. त्यांना उत्तर द्यायला थांबले की दमही खाता येतो आणि अब्रूही राहते.

पहिला मुक्काम आनंदवल्ली. मूळ गाव चावंडस. राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून त्याला हे नाव पडले. नवश्या गणपतीला हात जोडून पुढे निघालो तो सोमेश्वरला थांबलो. पावसाळा नुकताच सरला होता. धबधबा अजून गर्जत होता. काठावर घटकाभर बसलो, मग पापड-दह्यासह झणझणीत मिसळ खाल्ली. (ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी जाऊ नये.)

तिथून रमतगमत गंगापूर गाठले. पुढे गोदावरीवरचे ते मातीचे धरण, १९६५ साली पुरे झालेले. गावात शिरताना एकदम आठवले, की थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पेशवाईच्या धकाधकीतून दूर होऊन इथेच येऊन राहिल्या होत्या.

मी सायकलीवरून उतरलोच. नानासाहेब आणि राघोबा हे सख्खे भाऊ. म्हणजे या दोघी सख्ख्या जावा. १७७३ साली शनिवारवाड्यात मारला गेला तो नारायणराव गोपिकाबाईंचा मुलगा; आणि 'धरावे'चे 'मारावे' केल्याचा ठपका लोकांनी ठेवला तो आनंदीबाईंवर. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण एका अक्षराने घर कसे मोडते, याचा मासला म्हणून मी ही कथा वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. आणि त्या दोघींची नावे ज्या गावांशी जोडलेली, ती गावे एकाच नदीच्या काठी, एकाच रस्त्यावर! मधले अंतर सायकलीवर अर्ध्या तासाचे.

आता वाचकांपासून काय लपवू? गंगापूरच्या शिवारात आमच्या अण्णांची, माझ्या थोरल्या भावाची, द्राक्षबाग आहे. वडिलांमागे वाटणीच्या वेळी मी त्याला एक पत्र लिहिले होते. त्यातला एक शब्द त्याला लागला. चुकून गेला असे म्हणायची सोय नाही. भाषेचा मास्तर शब्द निवडूनच लिहितो. सहा वर्षे आमचे बोलणे नव्हते. मोटारीतून जाताना बागेपाशी मी काच वर करून घेत असे. सायकलीला काच नसते.

छाटणी होऊन गेली होती. वेलींना पोपटी फूट आली होती. अण्णा बांधावर उभाच होता. त्याने मला पाहिले आणि त्याने पाहिले हे मी पाहिले. सायकलीवरून माणूस चुकवायचा म्हटले तरी किती चुकवणार!

जवळ गेलो. काही क्षण कोणीच बोलेना. मग तो म्हणाला, "मोटार बिघडली वाटतं?"

"नाही. मीच बिघडलो होतो," मी म्हटले.

तो हसला नाही. वहिनींनी चहा आणला, मुलांची चौकशी केली. पत्राचा विषय त्याने काढला नाही. मी काढायचा म्हणून तोंड उघडले, तर अण्णा उठून सायकलीकडे गेला. मागचे चाक अंगठ्याने दाबून म्हणाला, "हवा कमी आहे रे. अशी चालवतोस?" शेडमधून पंप आणून तो हवा भरू लागला. शाळेत असताना माझ्या सायकलीत तोच हवा भरीत असे. मी वाकून नळी धरली.

निघताना वहिनींनी घरच्या बेदाण्यांची पिशवी कॅरियरला बांधली. "आता येत जा," अण्णा म्हणाला, "पण सायकलीनेच ये."

परतीचा रस्ता उताराचा. गंगापूर, सोमेश्वर, आनंदवल्ली अशी गावे उलट्या क्रमाने मागे गेली. घरी पोचलो तेव्हा सूर्यास्ताला अजून तासभर अवकाश होता.