डावा हात

बाबा गेल्यावर त्यांच्या भजनी मंडळाची एक जुनी कॅसेट सापडली. मी ती डिजिटल करून घेतली आणि आईला मोबाइलवर ऐकवली. टाळ खणखणीत, बुवांचा आवाज स्वच्छ. दोन मिनिटं ऐकून आई म्हणाली, "हे वाजवणं ह्यांचं नाही."

"अगं, बाबाच आहेत. कॅसेटवर त्यांच्याच अक्षरात तारीख आहे."

"असेल. पण डावा हात कुठाय?"

पखवाज वाजवायला घेण्याआधी त्याच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. त्या वजनानं पुडीचा आवाज खाली उतरतो, घुमतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. आमच्या घरी ती आई मळून द्यायची. सैल झाली तर बाबा न बोलता ताटली परत पाठवत. तो घुमारा तिच्याही हातचा होता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

खालचा स्वर म्हणजे लांब लहर. सेकंदाला 50 कंपनांच्या आवाजाची एक लहर जवळजवळ 7 मीटर लांब असते. असा स्वर ऐकू येण्याइतका उठवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि मोबाइलच्या नखाएवढ्या पडद्याला ते झेपत नाही. गंमत म्हणजे वरचे सूर शाबूत असले, तर खालचा मूळ सूर नसतानाही मेंदू त्याचा भास उभा करतो. मी त्या भासावर खूश होते. आईला कणकेचं वजन ठाऊक होतं.

मग ओळखीतल्या एकांकडून वापरलेले मोठे उभे स्पीकर आणले. जागा वाचावी म्हणून कोपऱ्यात ठेवले, बेसचं बटण पुरतं फिरवलं, तर नुसतं घूं घूं. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. बेस वाढवला म्हणजे तो ऐकू येतोच असं नाही. स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे ओढले, बटण मागे आणलं, आणि पखवाज दोन्ही हातांनी वाजू लागला.

आई स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवून बसली होती. बाजू संपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी कणीक जरा सैलच झाली होती."

मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. तेव्हा एका कादंबरीची प्रुफं माझ्या टेबलावर होती. तिची नायिका त्या पुरुषाशी अर्धी कादंबरी 'आपनि' म्हणत बोलते आणि एका संध्याकाळी, बोलता बोलता, 'तुमि' म्हणते. मी दोन्हीकडे 'तुम्ही' ठेवलं होतं. वाक्यं स्वच्छ होती, मराठी वाचकाला काही खटकलं नसतं. पण ती बाई त्या क्षणी एक पाऊल जवळ येते, ते पाऊलच माझ्या मराठीत वाजलं नव्हतं.

तिथे 'तू' लिहावं तर उडी फार मोठी होते. आधी 'आपण' आणावं तर तिच्या तोंडी ते सभेतल्यासारखं वाटतं. त्या एका वाक्याचा आवाज वाढवून भागणार नाही. ती त्याच्याशी कशी बोलते, हे पहिल्या पानापासून पुन्हा बसवावं लागेल.

संपादकांकडे आणखी पंधरा दिवस मागितले आहेत.