हिरवी ज्योत

मी गाड्यांच्या एसीचं काम शिकलो तेव्हा लिकेज शोधायला एक छोटी बत्ती असायची. निळी ज्योत, तिच्यात तापलेला तांब्याचा तुकडा आणि खालून हवा ओढणारी रबरी नळी. नळीचं टोक पाइपच्या जोडांवरून हळूहळू फिरवायचं. जिथे गॅस झिरपत असेल तिथे ज्योत हिरवी व्हायची. त्या हिरव्या रंगावर माझा डोळे झाकून विश्वास होता.

तो रंग यायचा आर-१२ गॅसमधल्या क्लोरीनमुळे. ओझोनचा थर खाणारा क्लोरीन तो हाच. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हा धोका मांडला होता, १९८७ मध्ये असे गॅस आवरण्यासाठी मॉन्ट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला. पण आम्ही त्यानंतरही कितीतरी वर्षं उरलेला गॅस नट सैल करून हवेत सोडत होतो. मीही सोडला आहे. त्याची खंत वाटते.

नव्या आर-१३४ए मध्ये क्लोरीनच नाही. गॅस भसाभसा गळत असला तरी ज्योत निळीची निळीच. जुनी गाडी नव्या गॅसवर आणताना मला पहिला धक्का बसला तो हा.

परवा डॉक्टरकाकांची १९९३ सालची काँटेसा आली. "गॅस तेवढा बदल, संध्याकाळी नेतो," म्हणाले. मी म्हटलं, "काका, तीन दिवस लागतील. गॅस शेवटच्या अर्ध्या तासात भरायचा. खरं काम तेल बदलायचं आहे."

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या बदलात जुन्या तेलावरच नवा गॅस भरला होता. गार हवा छान आली, मालक खूश. दुसऱ्या महिन्यात कॉम्प्रेसर जाम. खोललं तर कॉम्प्रेसर कोरडा आणि सगळं तेल कूलिंग कॉइलमध्ये साचलेलं. आर-१२ ज्या खनिज तेलाला आपल्याबरोबर फिरवून परत आणत असे, त्यात आर-१३४ए मिसळतच नाही. तेल वाटेतच सोडून देतो. तो कॉम्प्रेसर मी पदरचे पैसे घालून बदलून दिला.

म्हणून काकांच्या गाडीतला उरलेला गॅस आधी सिलेंडरमध्ये ओढून घेतला. कॉम्प्रेसर उतरवून उलटा धरला आणि हब हाताने फिरवत राहिलो. प्रत्येक फेरीला तेलाची एकेक गुळणी बाहेर येत होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. थेंब दोन बोटांत चोळून उन्हात धरला. चमक नव्हती, म्हणजे आतला धातू झिजलेला नव्हता. हा क्षण मला फार आवडतो. तीस वर्षांचं यंत्र आपली तब्येत सांगत असतं.

मग कॉइल आणि पाइप फ्लश करून नायट्रोजनने फुंकले, ओ-रिंगा नव्या गॅसला चालतील अशा हिरव्या घातल्या, ड्रायर नवा बसवला. तेल एस्टरचं घेतलं, कारण कितीही धुतलं तरी जुन्या तेलाचा अंश राहतो आणि एस्टर तो चालवून घेतं. त्याचा डबा मात्र उघडा ठेवायचा नाही. हवेतला ओलावा ते लगेच पितं.

कंडेन्सर बदलावा म्हणून मी हट्ट धरला. आमच्या सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश. कंडेन्सर ६० अंशांपर्यंत तापला तर आर-१२ चा दाब साधारण २०७ पौंड असतो, आर-१३४ए चा २२९ च्या आसपास. जुना नागमोडी पाइपाचा कंडेन्सर सिग्नलला गाडी उभी राहिली की हा जास्तीचा भार पेलत नाही. चपट्या समांतर नळ्यांचा नवा कंडेन्सर पेलतो. काका खर्चाला कुरकुरले, पण तयार झाले.

व्हॅक्यूम तासभर मारला. गेजचा काटा २८ इंचांवर थांबला तेव्हा हाताखालचा पोरगा म्हणाला, "उस्ताद, पंप कमी ओढतोय का?" त्याला सांगितलं, पुस्तकातले तीस इंच समुद्राकाठचे, आपण साडेचारशे मीटरवर आहोत, इथे एवढंच भरतं. पंप बंद करून अर्धा तास थांबलो. काटा हलला नाही.

गॅस वजनकाट्यावर भरला, आर-१२ च्या मापाच्या सुमारे ८५ टक्के. जुने हात ड्रायरच्या काचेत बुडबुडे जाईपर्यंत भरत राहतात. आर-१२ ला ते बरोबर होतं. इथे बुडबुडे थोडे राहतातच, आणि ते घालवायला गेलं की गॅस जास्त होऊन दाब चढतो. माझीही नजर अजून त्या काचेकडे जाते. मी काट्याकडे बघतो.

शेवटी साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावून पाहिला. भरण्याच्या तोंडांवर नव्या गॅसचे अडॅप्टर बसवले, म्हणजे कुणी चुकून जुन्या गॅसची नळी लावणार नाही. बॉनेटच्या आत पट्टी चिकटवली: आर-१३४ए, एस्टर तेल, किती ग्रॅम, तारीख. ही गाडी उद्या ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी.