दगडातली पोकळी

मराठीने दगडाला फारसा न्याय दिलेला नाही. मठ्ठ मुलाला आपण दगड म्हणतो, निष्ठुर माणसाच्या काळजाला दगडाची उपमा देतो, आणि दोन वाइटांतून एक पत्करायची वेळ आली की ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून मोकळे होतो. ज्या महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे, जिथले किल्ले, लेणी, घाट, जाती, पाटे आणि पुष्कळसे देवही त्याच पाषाणाचे आहेत, तिथल्या भाषेने असे करावे याचे नवल वाटते. दगड म्हणजे भरीव, बंद, ज्याच्या आत काही शिरत नाही असा पदार्थ, ही समजूत या सगळ्या बोलण्याच्या मुळाशी आहे. तीच मुळात तपासून पाहण्यासारखी आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. अकराशे अंशांच्या आसपास तापलेला आणि सिलिकेचे प्रमाण कमी असल्यामुळे पातळ असलेला हा रस काकवीसारखा दूरवर पसरे आणि थिजे. मग काही काळ उसंत, आणि पुन्हा नवा थर. अशा थरांवर थर चढून झालेला बेसॉल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यांचे रूप आहे ते या थरांमुळे. भूशास्त्राने त्यांना ‘ट्रॅप’ म्हटले तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. मधल्या उसंतीत तळी साचत आणि त्यांत जीव नांदत. मुंबईत वरळीला अशाच एका तळ्याच्या गाळात इवल्या बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकात सापडले. दोन अग्निप्रलयांच्या मधल्या फटीत बेडकांचा संसार झाला होता, ही गोष्ट मला त्या प्रलयाइतकीच मोठी वाटते.

प्रत्येक थराच्या पोटात वायू कोंडलेला असे. रस पृष्ठावर आला, दाब उतरला, की तो बुडबुड्यांच्या रूपाने वर चढू लागे. तोवर माथ्यावर साय धरलेली असे. बुडबुडे तिच्याखाली अडकत आणि दगड थिजला की तिथेच राहत. म्हणून थराचा गाभा घट्ट आणि माथा जाळीदार. गाभ्याचा कडा उभा राहतो; जाळीदार भाग झिजून त्याचा मुरूम होतो आणि त्या उतारावर गवत येते. डोंगराकडे दुरून पाहिले की हे काळे-हिरवे पट्टे एखाद्या जुन्या लुगड्याच्या काठांसारखे दिसतात.

या अडकलेल्या बुडबुड्यांचे पुढे जे झाले ते विलक्षण आहे. खडकातून झिरपणारे कोमट पाणी आपल्याबरोबर सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम असे काहीबाही विरघळवून आणी आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने ठेवून जाई. त्यातून झिओलाइट घडले. स्टिल्बाइटचे फिक्या शेंदरी रंगाचे, गव्हाच्या पेंढीसारखे मध्ये आवळलेले स्फटिक. ह्यूलँडाइटचे मोत्याच्या झाकेचे. आणि त्यांच्या शेजारी, झिओलाइट नसलेल्या ॲपोफिलाइटचे पाण्यासारखे स्वच्छ मनोरे. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ते हाती लागतात मात्र बहुधा विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी खडी फोडताना. सुरुंगाच्या धुरळ्यात एखादी पोकळी उघडते, तिच्यातला कोट्यवधी वर्षांचा अंधार प्रथमच उजेड पाहतो, आणि कुणाची नजर गेली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याची खडी झालेली असते.

‘झिओलाइट’ म्हणजे उकळणारा दगड. क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये हे नाव दिले, कारण तापवल्यावर तो फसफसून वाफ सोडतो. या स्फटिकाची रचना पिंजऱ्यासारखी असते आणि त्या पिंजऱ्यांत पाणी वस्तीला असते. म्हणजे पोकळी भरायला जो आला तोही आतून पोकळच! या गुणाचा उपयोग माणसाने पुष्कळ केला. जड पाणी सौम्य करण्यासाठी आणि खनिज तेल शुद्ध करण्यासाठी आता कारखान्यांत झिओलाइट तयार करतात. २०२१ साली महामारीच्या दुसऱ्या लाटेत हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रे रुग्णालयांच्या आवारात बसवली गेली. त्यांच्या टाक्यांत झिओलाइटचेच मणी होते. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जाऊ देतात. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आतल्या माणसाचा श्वास त्या घडीला एका दगडी जातकुळीच्या पोकळीवर टांगलेला आहे?

अजिंठ्याच्या चित्रकारांनीही या पोकळ्यांकडून घेतले आहे. त्यांचा हिरवा रंग म्हणजे हिरवी माती. बेसॉल्टच्या बुडबुड्यांना आतून अस्तर लावणारे सेलॅडोनाइट हे खनिज तिच्याच कुळातले. ज्या जातीच्या दगडात लेणे कोरले, त्याच्याच पोटातली हिरवाई भिंतीवर चढली. निळा रंग मात्र बदख्शानच्या लाजवर्दाचा, शेकडो कोस दूरचा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत पुढे कॅव्हन्साइटचे गर्द निळे गोळे निघाले, तेव्हा मला त्या चित्रकारांची आठवण झाली. दख्खनच्या दगडाजवळ निळा होता. त्याने तो राखून ठेवला होता. वेरूळच्या कैलासाविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालू नये; राष्ट्रकूट कृष्णाच्या काळी, आठव्या शतकात, वरून खाली दगड काढत काढत ते देऊळ झाले, एवढेच पुरे.

घरातल्या जात्याचीही हीच कथा. माझ्या लहानपणी वडार बायका ‘टाकी लावायचीय का जात्याला?’ असे ओरडत गल्लीतून जात. जाते वापरून गुळगुळीत झाले की कामातून जाई. पीठ न पडता दाणे नुसते चेंगरत. मग ती बाई मांडी घालून बसे, टाकीने एकेक बारीक खळगा पाडी, आणि संध्याकाळपर्यंत पाळूला देवीच्या व्रणांसारखे रूप येई. कुठला खळगा किती खोल हे तिला कुणी मोजून दिलेले नव्हते. गिरण्या आल्या आणि ती हाक गेली. तिच्याबरोबर हातातली एक विद्याही गेली.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. घट्ट पाषाणात पाणी राहत नाही. ते राहते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या जाळीदार माथ्यात. जिथे बुडबुडे स्फटिकांनी गच्च भरले, तिथे सौंदर्याने पाण्याची जागा अडवलेली असते. जुनी विहीर बहुधा वरच्याच थरांपर्यंत जाई आणि त्यांतला पावसाचा साठा वापरी. १९७२च्या दुष्काळानंतर छिद्रयंत्रे आली आणि कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या. खाली भेगा विरळ आणि पाणी मुरायला लागणारा काळ मोठा. एका पिढीने उपसलेले त्याच पिढीच्या पावसाने भरून येईल असा भरवसा तिथे नसतो.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे त्यांच्याच घरांखाली गेली. पुढे तिथे जे छिद्र घेतले गेले त्यात बेसॉल्ट फक्त ३३८ मीटर जाडीचा निघाला. हालचाल झाली होती त्याच्या खालच्या प्राचीन खडकात. मारले मात्र भिंतींनी. माळवदाची ती घरे उन्हाळ्यात गार, पाहायला भक्कम, भिंती हातभर-दोन हात रुंद. पण अशा भिंतीला दोन तोंडे असतात, बाहेरचे आणि आतले, आणि मध्ये चिपा नि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलाच नव्हता. हादरा बसताच तोंडे सुटी झाली आणि माळवदाची मणामणांची माती खाली आली. जी घरे उभी राहिली त्यांच्यासाठी अभियंत्यांनी नंतर एक साधा उपाय सुचवला: ठरावीक अंतरावर भिंतीतला एखादा दगड हलकेच काढायचा, आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्हीकडे वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीटने ते भरून टाकायचे.