सुट्टीतले श्रामणेर

१४ एप्रिलची मिरवणूक आटोपली, वार्षिक परीक्षा उरकली की बोईसरच्या आमच्या चाळीत एकच चर्चा असायची: यंदा कुणाकुणाच्या डोक्यावर वस्तरा फिरणार? ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. निम्मी बिऱ्हाडं मे महिन्यात गावाला जायची, कुणी रत्नागिरीकडे, कुणी पार बुलढाणा-वाशीमकडे. ज्यांच्या वडिलांना कारखान्यातून रजा मिळायची नाही किंवा ज्यांच्याकडे एसटीच्या भाड्याची जुळणी व्हायची नाही, त्यांची पोरं मागे राहायची. ती पोरं जायची श्रामणेर शिबिराला, म्हणजे सुट्टीपुरतं शिकाऊ भिक्खू व्हायला. आईबापांनी फार विचार करून पाठवलं, असं आता कुणी सांगितलं तर खरं मानू नका. उनाडणारं पोर दहा दिवस भन्तेंच्या नजरेखाली राहील, हा पहिला हेतू. धम्म दुसरा.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, एमआयडीसीही उभी राहिली आणि राज्यभरातून माणसं इथे कामाला आली. आमच्या लोकांनी आधी जयंती सुरू केली आणि मग वर्गणी काढून पत्र्याचं विहार उभं केलं. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची शिबिरं ठिकठिकाणी होत. ज्यांचं गावाकडे शिबिर झालेलं होतं, त्यांनी ती रीत इकडे आणली. विहारात पन्नास माणसंही मावायची नाहीत, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ग मागून घ्यायचे. जमिनीवर सतरंज्या, मे महिन्यातला इथला घामट उकाडा आणि रात्रभर डास.

मुंडण झालं की चीवर मिळायचं, दहा शीलं मिळायची आणि नवं पाली नाव. काल गोट्यांवरून मारामारी करणारा पक्या आज सारिपुत्त. पहाटे उठून वंदना, मग ध्यान. ध्यानात निम्मे बसल्याजागी पेंगायचे. दुपारी बारानंतर जेवण बंद. चार वाजता पोटात कावळे ओरडू लागले की लिंबूपाण्यावर भागवायचं. परित्राण पाठ तोंडपाठ व्हायचा, अर्थ मात्र कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही.

खरी मौज सकाळच्या भिक्षाटनाची. अनवाणी पोरांची रांग हातात पात्रं घेऊन चाळीतून निघायची. रात्रपाळी करून आलेली माणसं न झोपता दारात उभी असायची. कुणाकडची भाकरी, कुणाकडची वांग्याची भाजी, कुणाचा वरणभात, वर एखाद्या घरचा शिरा, सगळं एकाच पात्रात. आठवड्यापूर्वी ज्या आईने पाठीत धपाटा घातलेला असायचा, तीच आई वाढून झाल्यावर आपल्याच पोराच्या पाया पडायची. पोराला हसू फुटायचं. पुढे चालणारे भन्ते मागे वळून नुसते बघायचे आणि हसू जिरायचं. घरातल्या सगळ्यांत धाकट्यापुढे थोरल्यांनी वाकायचं, ही उलथापालथ त्या वयात कळली नाही, पण ती घडत होती खरी.

शिबिराच्या शेवटी कधी कधी सोपाऱ्याला नेत. बोईसरहून शटलने विरार, तिथून लोकल. नालासोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणलं आणि आत स्तूप निघाला. एकात एक ठेवलेले करंडक, सगळ्यांत आतला सोन्याचा, त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. भन्ते तिथे पूर्णाची गोष्ट सांगत. हा सोपाऱ्याचा व्यापारी भिक्खू झाला आणि आपल्याच मुलखात धम्म सांगायला निघाला. बुद्धांनी विचारलं, तिथली माणसं तापट आहेत, शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, हातांनी मारलं नाही म्हणजे चांगली म्हणेन. हातांनी मारलं तर? दगड नाही मारले म्हणून चांगली. आपल्या भागातल्या लोकांची ही कीर्ती ऐकून आम्हाला उगाच अभिमान वाटायचा.

जूनमध्ये शाळा उघडली की त्रास. डोक्यावर खुरटे केस बघून वर्गातली मुलं हळूच विचारत, घरात कोण गेलं? थायलंडमध्ये मुलगे उन्हाळी सुट्टीत असेच श्रामणेर होतात, ब्रह्मदेशात तर त्यांना राजपुत्रासारखं सजवून वाजतगाजत विहारात नेतात. तिथे डोक्याचा खुलासा कुणी मागत नाही. आम्ही मात्र कधी खरं सांगायचो, कधी उवा झाल्या होत्या म्हणायचो.

आता ठाण्यातून फुटून २०१४ साली पालघर जिल्हा झाला, २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, पत्र्याच्या विहारांना स्लॅब पडले. सुट्टीत पोहणं, रोबोटिक्स आणि शिबिर यांतून निवड करायची असते. मुंडण नको असेल तर गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं मुलांचं आनापान आहे. कारण विचारलं तर बहुतेक पालक एकच सांगतात: मोबाइल सुटेल. हेतू तोच जुना, फक्त उनाडक्या आता हातात मावतात. फॉर्मला आधारची झेरॉक्स आणि पालकांचं संमतीपत्र लागतं. संमतीचं हे प्रकरण नवं समजू नका. बुद्धांच्या सात वर्षांच्या मुलाला, राहुलला, दीक्षा दिली तेव्हा आजोबा शुद्धोदन दुखावले, आणि आईबापांच्या परवानगीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही, असा नियम बुद्धांनी तेव्हाच घातला.

एका बाबतीत आजचं शिबिर आमच्या वेळेपेक्षा सरळ चांगलं आहे. तेव्हा मुली झाडलोट करायच्या, भाकऱ्या थापायच्या आणि खिडकीतून ऐकायच्या. आता त्यांच्यासाठी शिबिरं होतात आणि पाठाचा अर्थ त्याच आधी विचारतात. एका मुलीने भन्तेंना विचारलेलं मी ऐकलं, की बारानंतर जेवायचं नाही तर डायबिटीस असलेल्या भिक्खूंनी काय करायचं? आमच्यातल्या कुणाची अशी छाती झाली नसती.

पण भिक्षाटन गेलं. गेटवर वॉचमन, वर लिफ्ट, दुपारी दाराला कुलूप. पुष्कळ ठिकाणी जेवण केटररचं असतं आणि दान देणारे मांडवात येऊन फोटो काढून जातात. आमचं शिबिर दहा मुलांचं असलं तरी अख्खी चाळ त्या दिवसांत पहाटे उठत होती. आजचं शिबिर मुलाला काही देतं, वस्तीला फारसं काही नाही. माझ्या मते हा तोटा मोठा आहे आणि तो भन्तेंनी नव्हे, आपण केलेला आहे.

यंदा मुलाचं किंवा मुलीचं नाव घालणार असाल तर संमतीपत्रावर सही करून गाडी वळवू नका. एक दिवस रजा टाका आणि शिबिराच्या स्वयंपाकघरात जा. पोळ्या लाटायला तिथे माणसं कायम कमी पडतात.