कंपनीचा

आमच्या नव्या गाडीत तो आधीपासूनच बसलेला होता. गाडीच्या रंगावर घरात तीन दिवस चर्चा झाली, सीट कव्हरवरून अबोला झाला. याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कॅसेट जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आमच्या बुलडाण्याकडे गाडीत गाणं वाजवणाऱ्या यंत्राला ‘टेप’च म्हणतात. म्हणून हा ‘कंपनीचा टेप’. पुढे नुसताच ‘कंपनीचा’.

दिसायला सुमार. डबल डिन, म्हणजे 180 बाय 100 मिलिमीटरचं तोंड, त्यात बोटभर पट्टीचा निळसर डिस्प्ले आणि मधोमध आवाजाचं गोल बटण. डिन ही मापं ठरवणारी जर्मन संस्था; खामगावात मात्र तो शब्द नटबोल्टच्या पंगतीत जाऊन बसलाय. ते बटण मला आवडायचं. रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडायचं. बोथ्याचा घाट लागला, ज्ञानगंगेचं जंगल सुरू झालं की मी आवाज कमी करतो. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ 2019 मध्ये चालत चालत इथवर आला होता; तेव्हापासून त्या रस्त्याला जोरात गाणं लावायला जीव धजत नाही.

स्वभावाने तो जुन्या कारकुनासारखा. शेगावला दर्शनाला गाडी लावली आणि दोन तासांनी परत आलो, तर गाणं जिथे तुटलं तिथूनच पुढे. ही करामत पिवळ्या तारेची. लाल तार किल्लीवर चालते, किल्ली फिरवली की मेली. पिवळी थेट बॅटरीवर, रात्रभर जागी. त्याची सगळी आठवण त्या एका पिवळ्या तारेत.

तक्रार एकच होती : आवाजात दम नाही. तबला पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. पुतण्या म्हणाला, “काका, अँड्रॉइड टाका.” दुकानातल्या पोराने अर्ध्या तासात कंपनीच्याला उपटून हातात दिला. “एक तार कापली नाही भाऊ, कपलर टू कपलर बसवला.” तार कापली की शोरूमवाले वायरिंगची वॉरंटी नाकारतात, म्हणून हे वाक्य दुकानात मंत्रासारखं म्हणतात. नव्या पाहुण्याच्या खोक्यावर छापलं होतं : 50 वॅट गुणिले चार.

नऊ इंची पडदा झगमगला. नकाशा आला, मागचा कॅमेरा आला. तबला मात्र त्याच डब्यावर. घाटात मोबाइलची रेंज गेली की पाहुणा गोल फिरणारं चक्र दाखवत गप्प.

महिनाभराने पुन्हा दुकानात गेलो. पोराने दाराचं पॅनेल काढलं आणि आतला स्पीकर दाखवला : कागदी पडदा, मागे बटाट्याएवढं चुंबक, भोवती उघडा पत्रा. “आवाज तर इथून येते ना भाऊ. टेप बदलून काय होते?” हे त्याला महिन्यापूर्वीही ठाऊक असणार. खोक्यावरच्या पन्नासाचंही त्यानेच सांगितलं. बारा-चौदा व्होल्टच्या बॅटरीवर अशा टेपमधून एका स्पीकरला पंधरा-वीस वॅट मिळाले तरी खूप. बाकीची खोक्याची शाई. म्हणजे त्या बाबतीत कंपनीचा आणि पाहुणा भाऊभाऊच.

नवे साडेसहा इंची स्पीकर काउंटरवर ठेवले. दुकानातला तपासणीचा सेट दुसऱ्या गाडीत अडकलेला. “जुना टेप आहे का डिक्कीत?” होता, पाहुण्याच्याच खोक्यात, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला. पोराने लाल आणि पिवळी तार एकत्र पिळून बॅटरीच्या प्लसला लावली, काळी मायनसला, आणि अँटेनाच्या भोकात वीतभर वायर खुपसली.

डिस्प्लेवर बारा वाजलेले. सगळी स्टेशनं पुसली गेली होती. त्याने एका टोकापासून शोधायला सुरुवात केली, थोडा खरखरला आणि अकोला केंद्रावर थांबला. कपाशीवर काय फवारावं ते कोणी सांगत होतं. मग गाणं लागलं. तबल्याची थाप काउंटरच्या काचेत जाणवली. पोराने मान हलवली, मी हलवली.

“हा विकाचा का भाऊ?”

मी टॉवेल उचलला.